पहिली सही म्हणजे लग्न नव्हे, एवढं भिंतीवर लिहायला काय हरकत आहे?

प्रति,
गोव्यातल्या नागरी नोंदणीचे सगळे साहेब आणि मॅडम,
तसंच गोव्याचा सिव्हिल कोड, म्हणजे लग्न, वारसा, इस्टेटीचा कायदा, कसा भारी आहे हे दिल्लीपर्यंत सांगत फिरणारे पुढारी, वकील आणि प्राध्यापक,

स. न. वि. वि.

आधी मी कोण ते सांगते. एका तालुक्याच्या गावी सरकारी इमारतीच्या बाजूला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. तालुका सांगत नाही, कारण पत्र एका साहेबाला नाहीये, सगळ्यांना आहे. दोन मशिनं, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ज्यांना जमत नाही त्यांचे अर्ज भरून देणे असा धंदा. लॉ कॉलेजला दोन वर्षं काढली होती, मग बाबांना पॅरालिसिस झाला आणि दुकान बघावं लागलं. त्यामुळे मी वकील नाही, पण अगदीच अडाणी पण नाही.

गेल्या महिन्यात मी एक कागद तयार केला. पिवळा ए-फोर, जाड अक्षरं, वर मराठी खाली कोंकणी. त्यावर लिहिलं, "पहिली सही म्हणजे लग्न नव्हे. मुदत झाल्यावर दोघांनी साक्षीदार घेऊन दुसऱ्या सहीला यायचंच आहे." बस्स. शिपायाला विचारून काऊंटरच्या बाजूच्या बोर्डावर चार पिना मारून लावला. तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी नुसत्या पिना, त्यातल्या पण दोनच. आत जाऊन विचारलं तर साहेब म्हणाले हे अनऑफिशियल आहे, इथे फक्त ऑफिसचीच नोटीस लागते. म्हटलं बरोबर, मग ऑफिसची लावा ना. तर म्हणाले, "कायद्यात सगळं आहे, लोकच वाचत नाहीत."

हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे लग्न ऑफिसात दोन टप्प्यांत होतं. आधी दोघं जाऊन आम्हाला लग्न करायचंय असं लिहून देतात, ती पहिली सही. मग नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर ती घ्यायला दिवस ठेवलेले असतात. ते सरले की परत जायचं, साक्षीदारांसमोर रजिस्टरात सही करायची, तेव्हा लग्न झालं. मधे देवळात काय झालं, अंतरपाट धरला की नाही, किती पंगती उठल्या, कायद्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. ख्रिश्चन जोडपं ऑफिसची ना-हरकत घेऊन चर्चमध्ये लग्न लावतं आणि ते तिथेच कायद्यात बसतं. आमच्या भटजीबुवांना तो अधिकार नाही. म्हणजे दुसऱ्यांदा परत यायचं लक्षात ठेवायचं ते आम्हीच.

आता माझ्या आत्याचं सांगते, कारण हे पत्र तिच्यासाठीच आहे.

1989 साली तिचं लग्न झालं, मी नऊ वर्षांची. जानेवारीत ती आणि काका जाऊन सही करून आले, तिने तेव्हा अबोलीचा वळेसर माळला होता, येताना ऑफिसच्या बाहेर सोडा प्यायले आणि घरी येऊन सांगितलं की रजिस्टर झालं. तिथला क्लार्क म्हणाला होता, "सही जाली बाय, वच," म्हणजे सही झाली, जा. ती आली. फेब्रुवारीत देवळाच्या सभामंडपात लग्न, खतखतं, जिलेबी, दोनशे माणसं. दुसरी सही कुणाच्या डोक्यातच नव्हती, कारण तशी काही असते हेच कुणाला माहीत नव्हतं. मग तीस वर्षं संसार. मूल झालं नाही. काकांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, छोटं, पण त्यात पाटाचं पाणी सोडण्यापासून सुपाऱ्या सोलण्यापर्यंत निम्म्याहून जास्त हात तिचा.

2019 ला काका गेले. पुतण्यांनी इन्व्हेंटरी घातली, म्हणजे वाटणीची केस. त्यात लग्नाचा दाखला मागितला. आम्ही ऑफिसात गेलो, जुनं बुक काढलं, त्यात पहिली सही आहे, तिच्या वळणदार अक्षरातली. दुसरी नाही. समोरची बाई सहज बोलून गेली की मग लग्न झालेलंच नाही. आत्या मला म्हणाली, अगं यांना म्हणावं फोटो आहेत आपल्याकडे.

गोव्यात या सहीला किती वजन आहे ते बघा. आमच्या कायद्यात वारसांच्या रांगेत आधी मुलंबाळं, मग आईबाप, मग भावंडं आणि त्यांची पोरं, आणि त्यांच्या मागे नवराबायको. हे ऐकून बाहेरचे दचकतात. पण बायकोचा खरा आधार वारसा नाहीच, तिचा आधार म्हणजे कम्युनियन, नवराबायकोची मालमत्ता सामाईक. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न झाल्या क्षणापासून अर्धं तिचं. नवरा मेल्यावर मिळतं असं नाही, आधीपासूनच तिचं असतं. याच अर्ध्याचं कौतुक देशभर होतं, आणि खरंच ते कौतुकासारखं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते सगळं अर्धं त्या एका दुसऱ्या सहीवर टांगलेलं आहे. सही नाही तर बायको नाही, बायको नाही तर अर्धं नाही, आणि रांगेतसुद्धा उभं राहता येत नाही. आत्याचा दावा कोर्टात चालू आहे. तारखा पडतायत. ती आता सत्तरीला आली.

तर साहेब, "कायद्यात सगळं आहे" म्हणालात. कुठल्या कायद्यात आणि कुठल्या भाषेत?

आपला सिव्हिल कोड 1867 चा, पोर्तुगालमध्ये सियाब्रा नावाच्या कायदेपंडिताने लिहिलेला, 2538 कलमांचा. गोव्यात तो 1 जुलै 1870 पासून लागू झाला. लग्न हा नागरी करार आहे हे ठरवणारी डिक्री, म्हणजे सरकारी हुकूम, 25 डिसेंबर 1910 ची, तिकडे राजा जाऊन प्रजासत्ताक आलं त्याला तीन महिने पण झाले नव्हते. 1961 ला आपण मुक्त झालो, 1962 च्या कायद्याने जुने कायदे तसेच चालू ठेवले. पोर्तुगालने स्वतः हा कोड मोडीत काढून 1967 पासून नवीन आणला. म्हणजे ज्यांनी शिवला त्यांनी तो टाकला आणि आपण अजून तोच कोट घालून फिरतोय, ठीक आहे, कापड चांगलं असेल. पण त्या कोडचं सरकारी इंग्रजी भाषांतर राजपत्रात यायला 2018 उजाडलं! 1870 ते 2018 मोजा, 148 वर्षं. मधल्या काळात मुक्तीनंतरच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज येत नव्हतं आणि कायदा पोर्तुगीजमध्ये होता. वारसा आणि इन्व्हेंटरीचा भाग 2016 ला नवीन इंग्रजी कायद्यात आला, चांगलं झालं. पण ज्या ऑफिसच्या बाकावर येणाऱ्या दहातल्या आठ बायका माझ्याकडून मराठीत किंवा कोंकणीत फॉर्म समजून घेतात, तिथे "लोक वाचत नाहीत" हे कसं बोलवतं?

आता मी जरा लांब जाणार आहे, कंटाळलात तर चहा घ्या. हा आपला कोड कुठून आला? पोर्तुगालला तो एकट्या सियाब्राच्या डोक्यातून आला नाही. मुळात रोमन लोकांचा कायदा, तो जस्टिनियन बादशहाने सहाव्या शतकात एकत्र केला, मग युरोपातल्या विद्यापीठांतून शेकडो वर्षं घोटला, मग पोर्तुगालच्या राजांची ऑर्डिनन्सं, नेपोलियनचा 1804 चा कोड, आणि मग हा. आपल्याकडे मृत्युपत्र करणाऱ्याला मुलंबाळं असतील तर अर्धी इस्टेट त्यांना ठेवावीच लागते, याचं मूळ थेट रोममध्ये आहे, इ.स.पू. 40 च्या एका कायद्याने वारसाला निदान चौथा हिस्सा मिळालाच पाहिजे असं ठरवलं, आणि जस्टिनियनने जवळच्या नात्यातल्यांचा हक्काचा वाटा पुढे वाढवला. म्हणजे फोंड्याच्या कोर्टात भाऊ-भाऊ भांडतात ते रोमन भांडण आहे. असो.

मला रोमच्या लोकांचं यातलं काय आवडलं ते सांगते. वाटे-हिस्से नाही आवडले, त्यांची भिंत आवडली.

रोममध्ये सुरुवातीला कायदा फक्त वरच्या घराण्यातल्या पुजाऱ्यांना माहीत असायचा. कुठल्या दिवशी कोर्ट उघडं, दावा लावताना नेमके कुठले शब्द बोलायचे, सगळं त्यांच्या पोटात. एक शब्द चुकला की केस गेली. सामान्य माणसांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली की कायदा लिहा आणि बाहेर लावा, आणि इ.स.पू. 451-450 ला बारा फलकांवर कायदा लिहून चौकात लागला. त्यात गरिबाला फार काही दिलं नव्हतं, कर्जबुडव्याला बेड्या घालायची कलमं होती. पण बेड्या किती वजनाच्या हे तरी वाचता येत होतं! सिसेरो लिहून गेलाय की लहानपणी आम्ही ते बारा फलक पाठ करायचो. आपल्याकडे परवचा म्हणायचे तसे.

तरी कोर्टाचे दिवस आणि दाव्याचे शब्द पुजाऱ्यांकडेच राहिले. मग इ.स.पू. 304 ला ग्नेयस फ्लावियस नावाचा माणूस आला. हा माझा फेवरेट. बाप गुलामीतून सुटलेला, पोरगा सरकारी लेखनिक, म्हणजे आपल्या भाषेत क्लार्क. तो निवडून अधिकारी झाला आणि त्याने कोर्टाच्या दिवसांचं कॅलेंडर पांढऱ्या पाट्यांवर लिहून भर चौकात लावून टाकलं, दाव्याचे शब्द पण जाहीर केले. वरच्या लोकांना इतकं झोंबलं की म्हणे त्यांनी अंगावरच्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. एकदा हा आजारी सहकाऱ्याला बघायला गेला तर तिथली बड्या घरची पोरं उठून उभी पण राहिली नाहीत, तर याने आपली हुद्द्याची खुर्ची घरून मागवली आणि त्यांच्यासमोर बसला. साहेब, तुमच्यासमोर मी चौथ्या दिवशी उभी होते ना, तेव्हा मला त्या खुर्चीची फार आठवण आली. तिथे मला बसा पण कुणी म्हणालं नव्हतं.

पुढे तर पद्धतच झाली. तिथला प्रीटर, म्हणजे न्यायाचं काम बघणारा मोठा अधिकारी, वर्षाच्या सुरुवातीला पांढऱ्या फळ्यावर लिहून लावायचा की माझ्या वर्षात मी कुठल्या तक्रारी घेईन आणि कशा. आणि इ.स.पू. 67 ला कायदा झाला की प्रीटरने स्वतः लावलेल्या फळ्याच्या बाहेर जायचं नाही. सत्ता त्याची, पण लिहून दिलेल्या शब्दाने बांधलेली. कुणी मुद्दाम तो फळा खराब केला, पुसला, तर 500 सोन्याच्या नाण्यांचा दंड, आणि ही तक्रार कुठलाही नागरिक करू शकायचा. आता तुम्ही म्हणाल तुझा पिवळा कागद काय प्रीटरचा होता का? नव्हता, मान्य. माझीच तक्रार म्हणून दंड मागत नाहीये. पण मग तुमचा फळा कुठाय तो तरी दाखवा.

उलटं उदाहरण पण तिथलंच. कॅलिगुला बादशहाने नवीन कर लावले पण लिहून लावले नाहीत, लोक नकळत गुन्हेगार व्हायला लागले. मग लोकांनी ओरडा केला तेव्हा लावले, पण एवढ्या बारीक अक्षरात आणि इतक्या अडचणीच्या जागी की कुणाला उतरवूनच घेता येऊ नये. आपल्या पहिल्या सहीच्या फॉर्मकडे बघून मला नेहमी कॅलिगुला आठवतो, काय करू.

आणि जस्टिनियन, ज्याच्या नावावर हे सगळं चालतं, त्याची मातृभाषा लॅटिन, त्याची सगळी मोठी पुस्तकं लॅटिन. पण त्याची प्रजा बोलायची ग्रीक. म्हणून नंतरचे बहुतेक नवे कायदे त्याने ग्रीकमध्ये काढले, आणि कारणही दिलं की सगळ्यांना कळावं म्हणून. पंधराशे वर्षांपूर्वी बादशहाला सुचलं ते आपल्या लोकशाहीत एका नोटीस बोर्डाला सुचू नये?

अजून एक. लग्न कशाने होतं यावर रोमन वकिलांचं म्हणणं एका ओळीचं होतं, लग्न संमतीने होतं. कागद नाही, पुजारी नाही, दोघांना नवराबायको म्हणून राहायचं असणं पुरेसं. माझ्या आत्याचं लग्न रोममध्ये धरलं गेलं असतं. त्याच कायद्याच्या खापरपणतवंडात ते धरलं जात नाही. नोंद नको असं मी म्हणत नाही हां, उलट नोंद पाहिजेच, नोंद नसती तर बायकांचं अर्धं कधीच गायब झालं असतं. पण नोंद सुरू केली संमतीचा पुरावा म्हणून, आणि आता पुराव्यात खोट निघाली म्हणून तीस वर्षांची संमतीच खोटी ठरते, हे काय?

माझ्या तक्रारी आता एकेक करून.

पहिली, पहिल्या सहीच्या वेळी कुणीही तोंडाने सांगत नाही की हे लग्न नाही. काऊंटरवर गर्दी असते हे मला माहितीय, मी रोज बघते, एक क्लार्क आणि पंचवीस माणसं. पण एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो. आमच्या आत्याला तर "वच" म्हणून पाठवलं.

दुसरी तक्रार भाषेची. 1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठी सरकारी कामात वापरता येते असं लिहिलंय. मग पाट्या आणि फॉर्म इंग्रजीत का? ख्रिश्चन गावांत रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांतली, कोंकणी वाचणारे आहेत, त्यांच्यासाठी रोमी पण लावा, मला काहीच प्रॉब्लेम नाही, भाषेचं भांडण मला नकोय.

तिसरी, ज्यांची पहिली सही झाली आणि दुसरी कधीच झाली नाही त्यांची नावं तुमच्याच पुस्तकांत आहेत. त्यांना आजवर कधी पत्र गेलं का? काही जोडप्यांनी लग्नच मोडलं असेल, ठीक. पण बाकीच्या किती बायका आज घरात स्वतःला बायको समजून भाकऱ्या थापतायत, आणि नवरा मेल्यावरच त्यांना कळणार? आणि हे ज्याला माहीत असतं तो पुरुष वापरून पण घेतो, माझ्या दुकानात असा एक आला होता, दुसरीकडे लग्न करायचं म्हणून पहिल्या फॉर्मची झेरॉक्स काढायला. त्याला मी सांगितलं मशीन बंद आहे. चुकलं असेल माझं.

चौथी तक्रार तुमच्यापेक्षा पुढाऱ्यांना. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की तुम्ही गोव्याचं नाव घेता. 2019 ला सुप्रीम कोर्टानेही गोव्याचं उदाहरण झळाळतं म्हणून दिलं, आम्हाला पण बरं वाटलं. पण 1880 च्या हिंदूंच्या रीतिरिवाजाच्या डिक्रीत मूल नाही, मुलगा नाही म्हणून दुसरी बायको करायची वाट अजून कागदावर आहे, आणि लग्नाचा रस्ता चर्चमध्ये एक, देवळात दुसरा. समान समान म्हणताना आमच्या तालुक्याच्या काऊंटरवर एकदा उभं राहून बघा.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक नोंदणी ऑफिसात, आत नको, बाहेर, जिथे बाकावर माणसं बसतात तिथे, मराठी, देवनागरी कोंकणी आणि रोमी कोंकणीत मोठा बोर्ड लावा, दोन सह्या म्हणजे काय, कधी यायचं, सोबत काय आणायचं, फी किती. पहिल्या फॉर्मवर सहीच्या अगदी वर जाड अक्षरात छापा की या सहीने लग्न होत नाही. मुदत संपली की दोघांच्याही मोबाईलवर मेसेज पाठवा, लाईट बिलाचा येतो तसा. जुनी पुस्तकं काढून अर्धवट राहिलेल्यांना पत्रं पाठवा, लागली तर पाकिटं मी माझ्या दुकानातून फुकट देते. सिव्हिल कोड आणि 2016 चा कायदा यांचं सरकारी मराठी आणि कोंकणी भाषांतर काढा. आणि आमदारसाहेबांनो, तुमच्यासाठी एकच, कायद्यात दुरुस्ती करून आत्यासारख्यांना एक वाट द्या, जिथे पहिली सही आहे, पुढे वर्षानुवर्षं एकत्र संसार झाल्याचा पुरावा आहे, आणि नवरा किंवा बायको वारलेली आहे, तिथे कोर्टाने ते लग्न धरावं आणि कमी खर्चात, कमी तारखांत धरावं.

साहेब, तुमच्याशी माझं वैर नाही. तुमच्या ऑफिसमुळेच माझं दुकान चालतं, आणि बोर्ड नीट लागला तर माझं फॉर्म समजावण्याचं गिऱ्हाईक थोडं कमीच होईल, ते चालेल.

या पत्राची प्रत इनवर्डला दिली आहे, शिक्का मारून घेतला आहे. उत्तर मराठीत द्या. पिवळा कागद सध्या माझ्या दुकानाच्या काचेला आतल्या बाजूने चिकटवलाय, काढायचा झाला तर आत यावं लागेल. स्टूल आहे, पंखा आहे, बसा म्हणेन.

आपली,
झेरॉक्सवाली
(आत्याने वाचून घेतलं आहे. ती म्हणाली, सोड्याचं कशाला लिहिलंस.)